शालिकराम बावणे यांचा रिपोर्ट

धंतोलीत, औषधांच्या दुकानांमागच्या गल्लीत
आमचं सेंटर. तळमजल्यावर मशीन, पोटमाळ्यावर मी,
आणि एक कूलर, ज्याच्या वाळ्याला मेच्या मध्यापर्यंत
वास उरत नाही, नुसता ओलेपणा उरतो.

डॉक्टर खालून बोलतात, मी कानाला लावून टाइप करते.
यकृत, अनरिमार्केबल. प्लीहा, अनरिमार्केबल.
पित्ताशय, स्वादुपिंड, दोन्ही मूत्रपिंडं, तेच.
सतरा वर्षांत इतक्यांदा लिहिला हा शब्द
की शेवटी एफ-फोरवर बसवून टाकला.
एक बोट, आणि बारा अक्षरं आपोआप उमटतात.

आज दुपारी जिना चढून बावणे वर आले.
वीज मंडळातले लाइनमन, रिटायर्ड, राहणार पारडी.
डोक्याला दुपट्टा, हातात रिपोर्ट उघडा.
"बाई, ह्या शब्दाचा अर्थ काय जी?
नातवानं मोबाइलमधी पाह्यला तर म्हणते,
लक्ष द्यावं असं ज्यात काही नाही, ते."
मग जरा थांबून,
"पाच जागी लिवलं हाये."

चौतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस.
एका वादळात कळमन्याचा अख्खा फीडर
रात्री तीन वाजता ह्यांनी एकट्यानं चालू केला
(मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं).
अकरा हजारानं एकदा फेकलं होतं,
तळव्यावरची खूण दाखवली.
"आन् आतून मी असा?
सांगण्यासारखं काहीच नाही?"

मी म्हटलं, काका, विशेषण आहे ते,
कोणाला लागतं त्यावर सगळं.
नवऱ्या मुलाला लावलं तर स्थळ मोडेल.
भाषणाला लावलं तर वक्ता वर्षभर अबोला धरेल.
डोंगरे बाईंनी माझ्या प्रगतिपुस्तकात
ह्याच अर्थाचं मराठीत लिहिलं होतं, 'सर्वसाधारण',
आणि आईनं ते पान बाबांना दाखवलं नव्हतं.
पण पित्ताशयाला लावलं
तर पेढे वाटावेत.
आपण नाही का, रस्त्यात कोणी भेटलं,
काय विशेष? म्हणतो, आणि समोरचा म्हणतो, काही नाही,
आणि दोघांनाही बरं वाटतं?

ते हसले नाहीत.

त्या दुसऱ्या रिपोर्टचं मी त्यांना सांगितलं नाही.
त्यात एफ-फोर एकदाही लागलं नव्हतं.
नाव मी आधीच टाकून ठेवलं होतं,
भावाला सकाळी मीच घेऊन आले होते.
डॉक्टरांना ठाऊक होतं वर कोण टाइप करतंय,
म्हणून थांबत थांबत बोलत होते,
तीन पॉइंट चार बाय दोन पॉइंट आठ,
कडा अनियमित,
आणि मी स्पेलिंग तपासत होते.
पान भरलं, दुसरं लागलं.
एका स्वादुपिंडाबद्दल
इतकं बोलता येतं
हे मला तोवर माहीत नव्हतं.

पाकिटाच्या पाठीवर मी मराठीत लिहून दिलं,
'सगळं जागच्या जागी आहे.'
त्यांनी शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं.
"आता समजलं," म्हणाले,
"लाइन पाहून आलो का रजिस्टरात आमी हेच लिवत होतो.
'लाइन ठीक.' बस.
साहेब वरडाचा, आणखी लिव, आणखी लिव.
आणखी काय लिवाचं जी?
दिवे लागले होते न."

उतरताना कठडा धरला नाही त्यांनी.
रिपोर्ट टेबलावरच विसरला,
पाकीट मात्र नेलं.

नंतर संध्याकाळपर्यंत सहा पेशंट.
चार सरळ गेले.
पाचव्याला डॉक्टर खाली जरा थांबले,
खाकरले,
आणि मी एफ-फोरवरचं बोट उचलून
कूलरचा आवाज ऐकत बसले.